बाबांना सांग, आईला सांग

भिंगरी तिसऱ्यांदा चक्कर येऊन पडली ती खाली दुकानात, काचा टेकवून ठेवायच्या घोडीपासून हातभर अंतरावर.

थोरलीला हे कळलं तेव्हा ती इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत एका म्हाताऱ्याचा खांदा नीट टेकवत होती. फोन आईचा होता. आई फोनवर कधी रडत नसे, आजही रडत नव्हती.

"पडली परत. आता शुद्धीवर आलीय. काच थोडक्यात चुकली." मग म्हणाली, "तू होतीस तेव्हा असं काही नव्हतं."

थोरलीने फोन ठेवला, म्हाताऱ्याला "श्वास धरा" सांगितलं आणि आडोशामागे जाऊन बटण दाबलं. त्यानंतर "सोडा" म्हणायचं असतं. ती तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे काचेची धार होती आणि धारेशेजारी धाकट्या बहिणीची तेरा वर्षांची मान. बऱ्याच वेळाने आतून घुसमटलेला आवाज आला, "सोडू का बाई? की असाच जाऊ वर?"

थोरली गडबडीने माफी मागायला गेली.

घर होतं पाच तासांवर. खाली बाबांचं काचेचं दुकान आणि वर राहण्याच्या तीन खोल्या. बाबा खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या दर्शनी काचा कापून द्यायचे. माणसाहून उंच काचा एका लाकडी तिरक्या चौकटीला टेकवून उभ्या ठेवलेल्या असायच्या. त्या चौकटीला सगळे घोडी म्हणायचे. चार वर्षांपूर्वी एका दुपारी त्या घोडीवरून तीन काचा एकदम पुढे आल्या आणि मामा त्यांच्याखाली सापडला. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. बाबांबरोबरच काम करायचा, मुलींना काचेच्या कडा घासून गुळगुळीत गोट्या करून द्यायचा. इस्पितळात पोचायच्या आत तो गेला.

काच त्याच्या हातातून निसटली, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं. आईने ते ऐकून घेतलं. त्यानंतर ती बाबांशी बोलली नाही.

भांडण झालं असतं तर लोकांनी मध्ये पडून मिटवलं असतं. इथे भांडणच नव्हतं. बाबांचे कपडे धुऊन घडी करून जागच्या जागी जात, ताट वेळेवर वाढलं जाई, दुखलंखुपलं तर औषधाची बाटली त्यांच्या उशाशी येई. फक्त शब्द नव्हते. जे बोलायचं ते थोरलीमार्फत. बाबा दोन हातांवर बसलेले असताना आई म्हणे, "बाबांना विचार, जेवताय का." आणि बाबा, आईकडे न बघता, "सांग आईला, येतोच."

घरात सगळेच हळू चालायला शिकले. दार लावताना हाताने धरून लावायचं, भांडं खाली ठेवताना आवाज होऊ द्यायचा नाही. कुणी जोरात शिंकलं तरी बाकीचे तिघे दचकून वर बघायचे, जणू आवाजाने काहीतरी कोसळणार होतं.

इकडची काडी तिकडे करणाऱ्यांना लोक नावं ठेवतात. थोरली काडी मध्येच विझवायची. आई म्हणायची, "विचार त्यांना, आज कुणाचा जीव घ्यायचा बाकी आहे." थोरली खाली जाऊन सांगायची, "आई विचारतेय, अजून किती वेळ लागेल." बाबा म्हणायचे, "तिला म्हणावं, तोंड शिवून बसलीस ती तशीच बस जन्मभर." थोरली वर येऊन सांगायची, "बाबा म्हणाले, तासाभरात येतो." तिला याची इतकी सवय झाली होती की आपण खोटं बोलतो असं तिला कधी वाटलंच नाही. भाषांतर करणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणतं का?

मग तिला या दूरच्या शहरात नोकरी लागली. घरातून निघताना तिला मोकळं वाटलं आणि त्या मोकळं वाटण्याचीच लाज वाटली. महिनाही झाला नसेल तोच भिंगरी पहिल्यांदा पडली.

भिंगरी तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी ती अंगणात गोल गोल फिरायची, म्हणून मामाने पाडलेलं नाव. फिरून फिरून कधी चक्कर न येणारी ही पोर एका रविवारी दुपारी ताटावरून उठताना पांढरी पडली आणि खाली कोसळली. दुसऱ्यांदा जिन्यात. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, डोक्याचा काढला. सगळं नॉर्मल. "वाढतं वय आहे, अशक्तपणा असेल," म्हणून त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. आजार सापडला असता तर त्याला नाव तरी देता आलं असतं. सापडत नव्हता म्हणून भीती घरभर पसरली. आई भिंगरीला एकटीला न्हाणीघरात जाऊ देईना. बाबांनी जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला. दर वेळी थोरली रजा टाकून यायची आणि ती आली की भिंगरी ठणठणीत. ती परत गेली की आठवड्याभरात फोन.

तिसऱ्या फोननंतर थोरलीने राजीनामा लिहिला. तो पर्समध्ये घालून जेवणाच्या सुट्टीत ती कँटीनमध्ये बसली, पण घास उतरेना. समोर येऊन बसल्या त्या इस्पितळात समुपदेशनाचं काम करणाऱ्या वयस्क बाई. जाड भिंगांमुळे सगळे त्यांना चष्मेवाल्या बाई म्हणत.

"कोण आजारी आहे?" त्यांनी विचारलं.

थोरलीने सगळं सांगितलं. मामाचंही सांगितलं, ओझरतं.

"पडायच्या आधी अर्धा तास घरात काय चाललेलं असतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोण कुठे असतं, कोण काय म्हणतं. ती पडली की पहिलं कोण धावतं. मग काय होतं."

पडल्यानंतरचं थोरलीला सगळं ठाऊक होतं. आधीचं कुणी सांगितलंच नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं.

"तू घरी काय करायचीस?" बाईंनी विचारलं.

"मी? काही नाही. घरातलं काम, अभ्यास."

"आणि तू निघून गेल्यावर ते कोण करतं?"

हा प्रश्न थोरलीला साधाच वाटला. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. बाई तिच्याकडे बघत होत्या.

"घरात एक जण जागेवरून हलला की बाकीच्यांना सरकावं लागतं," त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा सरकतं ते सगळ्यात लहान माणूस. कारण त्याला कुणी विचारत नाही. राजीनामा आत्ता देऊ नकोस. आठ दिवस जा आणि नुसती बघ. मध्ये पडू नकोस."

"आणि तिला काही झालं तर?"

"डॉक्टरांनी तपासलंय ना नीट?" त्यांनी विचारलं. "मग बघ. घाबरशील, पण बघ."

थोरली घरी पोचली तेव्हा भिंगरी दारातच उभी होती. तिचा चेहरा लहान झाला होता आणि डोळे मोठे. एरवी ती असायची जिन्याच्या मधल्या पायरीवर, जिथून खालचं दुकान आणि वरचं स्वयंपाकघर दोन्ही ऐकू येतं. अभ्यासाचं पुस्तक घेऊन ती तिथेच बसायची. थोरलीला ती पायरी चांगली माहीत होती. चार वर्षं तीही तिथेच बसून शिकली होती.

पहिल्या दिवशी थोरली नुसती बघत राहिली. बाबांच्या पावलांचा आवाज जिन्यावर आला की भिंगरी पुस्तक मिटून उठे, त्यांच्या पुढे दोन पायऱ्या वर येई आणि आईच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राही. कुणी तिला तसं सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओट्याशी उभी राहून म्हणाली, "सांग त्यांना, काचेचा आवाज आला की माझं डोकं फुटतं. बंद करा म्हणावं हा खाटीकखाना."

भिंगरी खाली गेली. थोरली तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेली आणि कान देऊन उभी राहिली.

"बाबा, आई म्हणते तुम्ही दमलात, थोडं थांबा."

थोरलीने भिंत धरली. शब्द तिचेच होते, सूरही तिचाच. तेवढ्याच हलक्या आवाजात, वाक्याच्या शेवटी तसंच हसू आणून. खालून बाबा काहीतरी पुटपुटले, आणि भिंगरी वर येताना मधल्या पायरीवर थांबली. तिचे ओठ हलत होते. ती वाक्य जुळवत होती. जुळलं, तशी ती वर गेली.

दोन दिवसांत थोरलीला उमगलं ते असं. सोपा निरोप असला की भिंगरी बरी असायची. निरोप जड असला की ती मधल्या पायरीवर जास्त वेळ थांबायची, कपाळावर घाम यायचा, श्वास भरभर व्हायचा. ज्या दिवशी गोड वाक्य सापडणार नाही त्या दिवशी ती पडणार होती. आणि पडली की आई आणि बाबा दोघेही धावत एका खोलीत येत होते, तिच्या दोन बाजूंना बसत होते. चार वर्षांत ते एकमेकांच्या इतक्या जवळ दुसऱ्या कशाने आले नव्हते.

हे कळल्यावर भीती कमी होईल असं थोरलीला वाटलं होतं. ती वाढली. कारण आता ती पडणं येताना बघू शकत होती.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बाबा वर आले. स्वयंपाकघराच्या दारात थांबले. त्यांच्या बोटांना काचेची पूड लागलेली होती. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. भिंगरी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिलीच होती. थोरली खिडकीशी स्टुलावर बसून कपड्यांच्या घड्या करत होती.

"मोठ्या काचा येतायत दुपारी," बाबा भिंगरीला म्हणाले. "घोडीवर चढवायला माणूस आलेला नाही. आईला सांग, तुला खाली नेतोय एक हात लावायला. नुसतं टेकू द्यायचा आहे."

थोरलीच्या हातातला सदरा तसाच राहिला. आईची पाठ ताठ झाली. तशीच पाठमोरी ती म्हणाली, "सांग त्यांना. माझा भाऊ दिला. आता मुलगी देणार नाही."

बाबा तिथेच उभे होते. त्यांना ऐकू आलं होतं. आईलाही ते ठाऊक होतं. तरी दोघेही वाट बघत होते, भिंगरीने ते वाक्य दोन पावलं उचलून नेण्याची.

भिंगरीने बाबांकडे तोंड वळवलं. "आई म्हणते..." ती म्हणाली आणि थांबली. "आई म्हणते की..."

तिचे ओठ पांढरे होत गेले.

थोरलीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. बाबा, आईला वाटतं की मीच यावं खाली, भिंगरीचा अभ्यास आहे. इतकं सोपं. एवढं म्हटलं असतं तर सगळं निवळलं असतं, काचा घोडीवर चढल्या असत्या, ताटं वाढली गेली असती. आणि ती पर्समधला राजीनामा टाकून कायमची मधल्या पायरीवर येऊन बसली असती. तिने ते वाक्य गिळलं.

भिंगरी कोसळायच्या आत तिने तिला दंडाला धरून खाली निजवलं. पाय स्टुलावर टेकवले. मनगटाची नाडी धरली आणि म्हणाली, "आई, ते समोरच उभे आहेत. तूच सांग."

भिंगरीचा श्वास धावत होता. तिची बोटं आत वळायला लागली, पक्ष्याच्या पायांसारखी आखडली. जोरजोरात श्वास घेतला की असं होतं, हे थोरलीने इस्पितळात पाहिलं होतं. पण तिथे ती बहीण नव्हती. नाडी मोजता मोजता ती चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली, पुन्हा चुकली. चष्मेवाल्या बाई इथे नव्हत्या. डॉक्टरांनी काहीतरी बघायचं राहून गेलं असेल तर? हा खरोखर हृदयाचा आजार असेल आणि आपण इथे शहाणपणा करत बसलो असू तर?

"बाबांना सांग गाडी काढायला," आई म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता.

"तू सांग."

"अगं पोर मरतेय माझी."

"तू सांग, आई."

आपण इतकं निष्ठुर बोलू शकतो हे थोरलीला माहीत नव्हतं. आई वळली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने बाबांच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं.

"अहो," ती म्हणाली. "अहो, गाडी काढा."

बाबा हलले नाहीत. दाराची चौकट धरून उभे होते आणि त्यांची नजर भिंगरीच्या आखडलेल्या बोटांवर होती.

"त्याने हात सोडले नव्हते," ते म्हणाले. "मी सोडले."

खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली.

"मागच्या काचा हलल्या तशी मी उडी मारली बाजूला. त्याला वाटलं मी धरलंय. तो धरून राहिला."

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

बाबांनी मान वर केली.

"त्याच दिवशी कळलं. तुमच्या हातांवर एक ओरखडा नव्हता." आई अगदी हळू बोलत होती. "मी तोंड उघडलं असतं तर हेच बाहेर आलं असतं. मग दोन पोरी घेऊन कुठे गेले असते मी? म्हणून नाही उघडलं."

"विचारायचं तरी."

"तुम्ही सांगायचं होतं."

जमिनीवरून बारीक आवाज आला. भिंगरीचे डोळे अर्धवट उघडले होते. "बाबा," ती म्हणत होती, "आई म्हणते... की ती रागावलेली नाही..."

थोरलीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "नको गं," ती म्हणाली. "ती रागावलेलीच आहे. तू नको काही सांगूस. नुसता श्वास सोड. हळू. माझ्याबरोबर."

त्या दुपारी आई आणि बाबा भांडले. आधी दबक्या आवाजात, मग इतक्या मोठ्याने की शेजारची बाई दार वाजवून गेली. आईने चार वर्षांचं सगळं काढलं. बाबा एकदा ओरडले, एकदा रडले. थोरली आतल्या खोलीत भिंगरीला कुशीत घेऊन बसली होती आणि प्रत्येक आवाजाला दोघींचं अंग एकदम दचकत होतं. आपण घर बरं केलं असं तिला त्या घटकेला मुळीच वाटत नव्हतं. ते मोडलंय आणि आपण मोडलंय, एवढंच वाटत होतं. पण भिंगरीची बोटं हळूहळू सुटत गेली आणि संध्याकाळी तिला भूक लागली.

काचा आल्या त्या बाबांनी गाडीवरूनच परत पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी आई पिशवी भरून मामीकडे निघून गेली. मामाची बायको एकटी राहत होती, आई तिच्याकडे दीड महिना राहिली. तिला आईने काय सांगितलं, ते मुलींना कधी कळलं नाही. आठ दिवस संपले तशी थोरली राजीनामा न देता नोकरीवर परतली. बाबा आणि भिंगरी दोघेच घरात होते आणि थोरलीला त्या दीड महिन्यात एकदाही नीट झोप लागली नाही. या काळात भिंगरी एकदा शाळेत पडली. थोरली निघायच्या तयारीत होती, पण बाबांनीच फोन करून सांगितलं की मी आहे, तू येऊ नकोस. त्यांनी स्वतःहून फोन केल्याची ती पहिलीच वेळ.

आई परत आली ती मामीनेच पाठवलं म्हणून. बाबांनी तोवर मोठ्या काचांचं काम सोडून दिलं होतं. आता ते आरसे आणि तसबिरींच्या चौकटी करत. आईने त्यांना माफ केलं का, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं असं नाही. पण ती बोलू लागली होती. बरंचसं कडवट, कधी कधी साधं.

आई परतल्यावर सहा महिन्यांनी थोरली चार दिवसांची रजा घेऊन आली. भिंगरी त्या काळात पडली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाच्या कुठल्याशा फोटोवरून आई आणि बाबांचं सुरू झालं. आवाज चढत गेले. भिंगरी टेबलाशी गणितं सोडवत होती. तिची पेन्सिल थांबली, चेहरा पांढरा पडायला लागला. थोरली अर्धवट उठली.

भिंगरीने वही मिटली. चपला घातल्या, दारातून बाहेर गेली आणि जिना उतरून रस्त्यावर आली. थोरलीही तिच्या मागे गेली, कारण तिलाही आत बसवत नव्हतं.

दोघी दुकानाच्या बंद फळ्यांना टेकून उभ्या राहिल्या. वरून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मग आवाज एकदम थांबले. ही शांतता पूर्वीचीच की दुसरी, हे खालून समजणार नव्हतं.

"जाऊ का वर?" भिंगरीने विचारलं.

"नको."

"मला भीती वाटतेय, ताई."

"मलाही वाटतेय."

भिंगरीने थोरलीचा हात धरला. तिचा हात ओला होता आणि श्वास अजून भरभर चालला होता. दोघी सावकाश चालायला लागल्या, कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथून पुढेही.